पहाटे तीनचा पंप

बुधवार, पहाट

रात्रीचं एक वेळचं पंपाने दूध काढणं सोडून दे आणि झोप, असं घरात प्रत्येकाने मायेने सांगून झालंय. बाळंतिणीला झोप हवी, हे खरंच आहे. तरी मी उठते. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री आणि पहाटे जास्त असतं. शिवाय छाती फार वेळ भरून राहिली की शरीराला वाटतं, हे दूध कुणाला नकोय, आणि ते बनवणं कमी करतं. भरल्या दिवसांचं बाळ रडून आईला उठवतं, ओढून ओढून दूध वाढवून घेतं. माझी लेक ३१व्या आठवड्यात आली. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपासून बसायला लागतो. तोवर तिचं दूध नळीने थेट पोटात जाणार. ती मागू शकत नाही, म्हणून तिच्या वतीने मी मागायचं. २४ तासांत ८ ते १० वेळा, त्यातलं एकदा रात्री. बस, एवढंच डोक्यात पक्कं ठेवलंय.

गुरुवार

पहिल्या दिवसांतला चीक आठवतोय, ते आज लिहून ठेवते.

बाळंतपणानंतर काही तासांतच सिस्टर सुई नसलेली छोटी सिरिंज घेऊन आल्या. पंप नको म्हणाल्या. चीक इतका थोडा आणि दाट असतो की पंपाच्या कपालाच चिकटून बसतो. हाताने कसं काढायचं ते त्यांनी दाखवलं. अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्राभोवतीच्या गडद भागाच्या जरा मागे. आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणायची, आणि सोडायचं. कातडीवरून बोटं घासायची नाहीत. बराच वेळ काहीच आलं नाही. मग एक पिवळा थेंब फुगून उभा राहिला, आणि त्यांनी तो सिरिंजच्या टोकाने अलगद ओढून घेतला.

"एवढ्याशाने काय होणार, सिस्टर?"

"ताई, तिच्या पोटात आज मावणार किती? एवढं पुष्कळ आहे."

त्यातले दोन थेंब त्यांनी तिच्या दोन्ही गालांना आतून लावले. चिकात जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं खच्चून भरलेली असतात, आणि नळीने दूध घेणाऱ्या बाळाच्या तोंडाला त्यांचा स्पर्श एरवी होतच नाही. लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीच्या आठवड्यांत प्रथिनंही जास्त असतात, हे डॉक्टरांकडून कळलं तेव्हा मला रडू आलं. आतड्याचा जो गंभीर आजार अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होतो, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. नवजात बाळांच्या या अतिदक्षता विभागात माझ्या हातात असलेली एवढी एकच गोष्ट आहे. बाकी सगळं मॉनिटर आणि डॉक्टर बघतात.

शनिवार

साठवणीवरून आज फोनवर वाद झाला. मावशी म्हणाली, फ्रिजमध्ये चार दिवस चालतं की! तिचं चूक नाही. भरल्या दिवसांच्या, निरोगी बाळासाठी तो हिशेब बरोबर आहे. आमच्या विभागात फ्रिजमधलं दूध ४८ तासांत वापरायचं, नाहीतर आधीच गोठवायचं. लेबलवर नाव, तारीख, वेळ. एका बाटलीत एका फीडपुरतंच दूध, म्हणजे उरलेलं टाकायची वेळ येत नाही. एकेक मिली जमवताना कसं वाटतं ते जिने जमवलंय तिलाच कळेल. घरच्या फ्रिजमध्ये बाटल्या मागच्या बाजूला ठेवते. दारात ठेवल्या तर प्रत्येक उघडझापीला गरम होतात. नेताना बर्फाच्या पॅकसह थंड पेटीत. गोठवलेलं दूध फ्रिजमध्येच हळूहळू वितळवायचं, वितळल्यावर २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. मायक्रोवेव्ह तर अजिबात नाही. एका जागी चटका बसेल इतकं तापतं, दुसऱ्या जागी गारच राहतं.

ताजं दूध हाताशी असेल तर आधी तेच देतात, कारण गोठवल्यावर दुधातल्या जिवंत पेशी मरतात. म्हणून मी भेटीला गेले की तिथेच, तिच्या उबेच्या काचपेटीशेजारी (इनक्युबेटर) बसून काढते.

बाटलीत वर पिवळसर थर आणि खाली निळसर पाणी दिसलं की घाबरायचं नाही. दूध फाटलेलं नसतं, स्निग्धांश वर आलेला असतो. बाटली हळूच गोल फिरवली की मिसळतं.

सोमवार, रात्र

काल तिचा श्वास मध्येच थांबला आणि अलार्म वाजला. सिस्टरांनी पाठीला हलकं चोळलं आणि ती परत श्वास घ्यायला लागली. त्यानंतर मी पंप लावला तर पान्हाच फुटेना. छाती दगडासारखी, बाटली कोरडी. ताणाने ऑक्सिटोसिन, म्हणजे पान्हा फोडणारं संप्रेरक, अडतं. दूध असतं, उतरत नाही. आटलं म्हणून हाय खायची नाही, हे मी स्वतःला मोठ्याने सांगितलं.

आज दुपारी तिला कांगारू पद्धतीने छातीवर दिलं, कातडीला कातडी लावून. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटामध्ये डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली, बाळांच्या उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. तिचं बोट माझ्या गळ्याजवळ हलत होतं, नख तांदळाच्या कणीएवढं. खाली ठेवल्यावर लगेच पंप लावला आणि धार लागली. तिच्या अंगाखालचा एक रुमाल आता घरी आणलाय. रात्री काढताना जवळ ठेवते.

"किती निघालं?" हा प्रश्न मात्र मला कुणी विचारू नये. सकाळी जास्त येतं, संध्याकाळी कमी, आणि कमी आलेलंही तिच्याच पोटात जातं.

गुरुवार

नळीच्या फीडच्या वेळी तिला छातीशी धरायला डॉक्टरांनी हो म्हटलंय. आधी दूध काढून घ्यायचं, मग जवळजवळ रिकाम्या छातीला लावायचं, म्हणजे पान्ह्याच्या धारेने ठसका न लागता तिला ओढायचा सराव करता येईल. आज तिने फक्त चाटलं. सिस्टर म्हणाल्या, चाटणं हीच सुरुवात. घरी आल्यावरही ती एकदम सगळं दूध ओढून घेऊ शकणार नाही, लवकर दमेल. त्यामुळे पंप इतक्यात आवरायचा नाही. तिचं पोट अंगावर भरायला लागलं आणि वजन वाढत राहिलं, की डॉक्टरांना विचारून एकेक वेळ कमी करेन.