तारखेला, बटाट्याची, मोबायलात

मी मुद्रितशोधनाचे काम करतो, म्हणून ओळखीचे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात: बाहेरून आलेला शब्द मराठी झाला, असे नेमके केव्हा म्हणायचे? माझे उत्तर इतकेच असते की, त्याला विभक्तीचा प्रत्यय लावून पाहावा. प्रत्यय लागण्याआधी शब्द आपले रूप बदलत असेल, तर तो घरचा झाला.

'तारीख' हा मूळचा अरबी शब्द. 'तारीखला' असे कोणीही म्हणत नाही. दुधाचे पैसे आपण 'एक तारखेला' देतो. 'माणूस'चे 'माणसाला' होताना 'णू'चा जसा 'ण' होतो, तसाच येथे 'री'चा 'र' होतो, आणि हे कोणाला शिकवावे लागत नाही. सावरकरांनी घडवलेला 'दिनांक' पत्राच्या कोपऱ्यात आणि अर्जाच्या रकान्यात मानाने बसला आहे, आणि तो मला आवडतोही. परंतु तो रकाना भरताना शेजारच्याला आपण विचारतो ते 'आज तारीख काय?' असेच. त्यांचा 'महापौर' मात्र बोलण्यातही रुजला.

पोर्तुगिजांनी 1510 साली गोवा घेतला, आणि त्यांच्या भाषेतून बटाटा, चावी, पगार हे शब्द आपल्याकडे आले. 'घोड्याची' तशी 'बटाट्याची', 'काठ्या' तशा 'चाव्या': हे शब्द परके होते, असे सांगितले तर आज कोणाला खरे वाटणार नाही.

इंग्रजी शब्दांनाही आपण असेच वळवून घेतले; 'बँकेत', 'टेबलावर', 'फायलीत' ही रूपे त्याची साक्ष देतात. माझी आजी 'स्टेशनावर' म्हणत असे. मी 'स्टेशनवर' म्हणतो, आणि माझी मुले 'मोबाइलवर', 'लॅपटॉपवर' म्हणतात. उसन्या शब्दांचे मला दुःख नाही, पण त्यांना आपल्या व्याकरणात वाकवण्याची सवय सुटत चालली आहे, याची मनापासून काळजी वाटते. कारण सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे होणारे बदललेले रूप, हे मराठीचे हाड आहे.

गेल्या महिन्यात रत्नागिरीच्या बाजारात एका मासळीवालीला मी पैसे मोबाइलवरून घेता का, असे विचारले. बांगडे पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "माझ्या मोबायलात चार्जिंग नाय, रोख द्या." घरी येताच मी ते रूप वहीत उतरवून ठेवले.