अंबरस्टन स्ट्रीटचा 'किड'

लंडनच्या व्हाइटचॅपल स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्याकडेलाच बाजार. भेंडी, कारली, कोथिंबिरीच्या जुड्या आणि कानावर सिल्हेटी बंगाली. शंभर वर्षांपूर्वी इथे यिद्दिश ऐकू यायची. रशियातून जीव मुठीत धरून आलेली ज्यू कुटुंबं याच गल्ल्यांत दाटीवाटीने राहायची.

मला अंबरस्टन स्ट्रीट पाहायची होती. कमर्शियल रोडजवळची ही छोटीशी गल्ली. इथे 1893 साली, फर्निचर बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी गर्शन मेंडेलॉफ जन्मला. जगाला तो माहीत झाला टेड 'किड' लुईस म्हणून. तोंडात माउथगार्ड घालून खेळणाऱ्या पहिल्या बॉक्सरांपैकी हा एक. विशी गाठण्याआधीच फेदरवेट या हलक्या वजनगटात इंग्लंडसह साऱ्या ब्रिटनचा विजेता, आणि ऑगस्ट 1915 मध्ये बोस्टनला जॅक ब्रिटन नावाच्या अमेरिकी बॉक्सरला हरवून त्याहून वरच्या वेल्टरवेट गटाचा जगज्जेता!

या जॅक ब्रिटनशी तो 1921 पर्यंत तब्बल 20 वेळा लढला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तेव्हा गुणांवर निकाल द्यायला कायद्याने बंदी होती. दोघंही शेवटपर्यंत उभे राहिले तर अधिकृत निकालच नाही. सरस कोण, ते दुसऱ्या दिवशी पेपरवाले लिहिणार. किताब गेला, 1917 मध्ये परत आला, आणि मार्च 1919 मध्ये ओहायोतल्या कँटनला ब्रिटनने नवव्या फेरीत त्याला आडवं करून कायमचा नेला. इतक्या वेळा त्याच माणसासमोर उभं राहायचं, तेही घरापासून हजारो मैलांवर! माझ्या लेखी किताबापेक्षा हे मोठं.

1922 मध्ये लंडनच्या ऑलिम्पियात तो आपल्याहून कितीतरी वजनदार फ्रेंच बॉक्सर जॉर्ज कार्पेंटियेशी भिडला. पहिल्याच फेरीत पंचांनी टोकलं, हा उत्तर द्यायला वळला, आणि त्याच क्षणी ठोसा बसला. खेळ खलास. वाचताना आजही चीड येते.

1931 मध्ये, पुढे फॅसिस्ट नेता बनलेल्या ओसवाल्ड मोस्लीच्या नव्या पक्षातर्फे तो याच वस्तीतून निवडणुकीला उभा राहिला. मतं पडली 154. मोस्लीचा ज्यूद्वेष कळल्यावर त्याने साथ सोडली.

दुपारी मेट्रोने क्लॅपम साउथला गेले. नाइटिंगेल लेनवरचा ज्यू वृद्धाश्रम, त्याचं शेवटचं घर. 1970 मध्ये तो इथेच गेला. भिंतीवर गोल निळी पाटी आहे. तिच्यावर त्याचं नाव, दोन सालं, 'जगज्जेता बॉक्सर' आणि तो इथे राहिला, इथेच गेला, एवढंच. फाटकाशी उभी राहून मी ती दोनदा वाचली.