सहाची सात

३० ऑगस्ट

आजपासून नोव्हेना, मोंतीआधीची नऊ दिवसांची प्रार्थना. मोंती म्हणजे मरियेच्या जन्मदिवसाचा सण. मरियेला वाहायला म्हणून लेकीने शाळेतून आल्या आल्या गेटजवळची तगर निम्मी ओरबाडली. वॉचमनने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. गणपतीत त्याच्या घरीही तिथलीच फुलं जातात, त्यामुळे दोघांचं जमतं.

रात्री जेवताना मांय, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "यंदा मोंतीचं जेवण तू कर." म्हणून लगेच भात कालवायला लागल्या. त्यांचा उजवा हात आता फार थरथरतो. गेल्या महिन्यात सुरीने बोट कापलं, तेव्हापासून विळी माळ्यावर गेली आहे. चौदा वर्षं या सणाला मी नारळ खवलाय, भेंड्या पुसल्यात, केळीची पानं धुतलीत. फोडणी कधी दिलेली नाही.

२ सप्टेंबर

माहेरी, वसईला, संताचा सण म्हणजे आधी फुगे आणि डुकराच्या मटणाचं इंदियाल, मग संत. फेब्रुवारीत गोन्सालो गार्सियाचा सण आला की आदल्या रात्री आई नारळाच्या दुधात पीठ भिजवून पातेल्यावर गोधडी टाकायची. आम्हा पोरांना ते पातेलं मध्येच उघडायची भारी हौस, आणि उघडलं की पाठीत धपाटा. सकाळी तळणीत फुगे टम्म फुगून आपोआप उलटायचे. बाबा तेवढ्यात सांगून घ्यायचे: आपल्या वसईचा माणूस, ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर मेला, १८६२ साली संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. एकदा आईने तव्यापाशी उभ्या उभ्या विचारलं होतं, "तिकडे त्याला जेवायला काय मिळत असेल?" बाबांना उत्तर देता आलं नाही. आईला संतांबद्दल पडणारे प्रश्न बहुतेक याच जातीचे असत.

त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या मोंतीला मी बाजारातून दोन किलो डुकराचं मटण घेऊन आले. सण ना! मांयनी पिशवीत डोकावलं, काही बोलल्या नाहीत, पिशवी फ्रीजरमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या." या सणाला मंगळुरी घरात मासळीसुद्धा शिजत नाही. सगळं शाकाहारी, केळीच्या पानावर, आणि भाज्या विषम संख्येत: पाच, सात, नऊ. का विषम, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "तसंच असतं."

बाकी त्यांना सगळं पाठ आहे. १७६३ साली मंगळूरजवळच्या फरंगीपेठच्या टेकडीवरच्या मोंते मारियानो चर्चमध्ये जुवांव मिरांडा नव्हे, जोआकिम मिरांडा पाद्रीने हा सण सुरू केला (नाव मी चुकवते, त्या सुधारतात), त्या मोंतेवरून मोंती. मोंते म्हणजे डोंगर. आमच्याकडची वांद्र्याची मोत मावली, म्हणजे माउंट मेरी, तीही डोंगरावरचीच, हे माझ्या ध्यानात यायला लग्न व्हावं लागलं. आजी मोत मावलीला मेणाचे हात-पाय वाहायची आणि जत्रेतून चणे आणायची. मोत म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं.

५ सप्टेंबर

बाजार. तोंडली कोवळी मिळाली. अंबाडे तीन दुकानं फिरल्यावर मिळाले, तेही भाजीवालीने "कशाला हवेत?" असं विचारून दिले. यादी फ्रिजवर लावली: तोंडली-काजू, भेंडी, कारल्यात अंबाडे, माठाचे देठ, चवळीच्या शेंगा, लाल भोपळा, सुरण. सात. शिवाय पत्रोडे आणि वोर्नची खीर. पत्रोड्याला मी पहिली काही वर्षं अळुवडी म्हणायचे, आता म्हणत नाही.

फादर रविवारी प्रवचनात म्हणाले ते डोक्यात घोळतंय. संतांचे सण बहुतेक त्यांच्या मरणाच्या दिवशी असतात. जन्मदिवस साजरा होतो तो तिघांचाच: येशूचा, मरियेचा आणि योहान बाप्तिस्त्याचा. म्हणजे आम्ही वर्षभर जे फुगे तळत आलो ते कुणाच्या ना कुणाच्या मरणदिवशी. आईला सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग पिठात साखर कमी घालू का?

७ सप्टेंबर

भाऊ वसईहून उद्याच्या आशीर्वादासाठी नव्या भाताच्या लोंब्या घेऊन आला, ओल्या फडक्यात गुंडाळून. सोबत कच्च्या केळ्यांची फणी, ती तर तो तेराव्यालाही आणेल. लोंब्यांबद्दल मात्र कुरकुरत होता. "हळवं आहे म्हणून एवढं तरी, गरव्याचं तर अजून निसवलंही नाही. असं हिरवं भात कुणी कापतं का?" मी एक दाणा नखाने फोडला. आत दूध. बोटाला लागलं ते मांयनी माझं बोट धरून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "चालतं." शेतकऱ्याची मुलगी मी, पण असलं भात घरात आणायचं म्हणजे मलाही जरा चोरी केल्यासारखं वाटलं.

८ सप्टेंबर

पहाटे चारला उठले. अकरापर्यंत सगळं रांगेत होतं. सुरणाची चव बघायला नवऱ्याला दिली आणि तो घसा धरून बेसिनकडे पळाला. चिंच विसरले होते. सुरण असा खाजरा की ताकाचे दोन पेले झाले तरी तो खाकरतच होता.

राहिल्या सहा.

मग आमच्या स्वयंपाकघरात जी धर्मचर्चा झाली! नवरा म्हणाला, पत्रोडे मोजा. मांय म्हणाल्या, पत्रोडे भाजी नव्हे, पत्रोडे म्हणजे पत्रोडे. मी म्हटलं, कारली आणि अंबाडे वेगळे मोजू. एका पातेल्यात शिजलं ते एक. लोणचं? लोणचं कुणी मोजतं का? लेक म्हणाली, भोपळा मला नकोच आहे, तो काढा, पाच होतील. यावर मांयनी तिच्याकडे असं बघितलं की ती पाणी भरायला गेली. शिजवलेलं मागे घ्यायचं नसतं.

भावाची केळी होती. सोलून काप केले, तेलात परतले, आणि हात सवयीने बाटली मसाल्याकडे गेला. आईची शेवटची बाटली, तळाला चार बोटं उरलेला. घातला तो घातला. घरभर वसईचा वास सुटला.

दुपारी चर्चमध्ये मिस्साला जाऊन लोंब्यांना आशीर्वाद घेतला. घरी आल्यावर मेणबत्ती लावून प्रार्थना. मांयनी दाणे सोलले. पाच दाण्यांना दहा मिनिटं लागली, कुणी घाई केली नाही. ते नारळाच्या दुधात टाकून वयाच्या क्रमाने एकेक चमचा. चव अशी नाहीच, दाताखाली काहीतरी हिरवं येतं एवढंच.

मग पानं वाढली. मांयनी तोंडली दोनदा घेतली. देठात मीठ कमी म्हणाल्या, ते खरंच कमी होतं. केळ्याचा एक काप तोंडात टाकला, सावकाश चावला, उरलेले पानाच्या कडेला सारले.

"मोजायला बरी आहे," म्हणाल्या.

भावाला फोनवर सांगितलं तर तो इतका हसला की वहिनीने फोन काढून घेतला.

संध्याकाळी उरलेल्या लोंब्या पेपरवर पसरून पंख्याखाली ठेवल्या. चांगल्या वाळल्या की त्यातले सात-आठ दाणे दिराला कुवेतला जातात, दरवर्षी, पाकिटातून. तो ते तिथे भातात टाकतो. पाकीट मात्र मांयना आजच तयार हवं होतं. पत्ता मी लिहिते म्हटलं, तर त्यांनी पेन दिलं नाही. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि लिहायला बसल्या. कुवेतचं 'के' दोनदा गिरवलं गेलं. मी पानं उचलायला गेले.