नान्नजचा माळ: माळढोक नाही दिसला तरी जाऊन या

सोलापूरहून बार्शी रोडला वीसेक किलोमीटरवर नान्नज. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं, पण आता माळढोक बघायचाच म्हणून जाणार असाल तर आधीच सांगतो, आशा सोडा, तो नसल्यातच जमा आहे. काळवीट मात्र दिसतात, नशीब असेल तर लांडगा पण.

बरोबरचा मित्र गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, "इथं तर कायच नाही की बे!" सगळ्यांना असंच वाटतं. गवत, मुरूम आणि आभाळ. आणि मोकळी जागा दिसली की आपला हात शिवशिवतो, झाडं लावायला. इथंही वनीकरणात गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली, आता झाड लावणं वाईट कोण म्हणेल, पण माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुतेक वेळा एकच, आणि लांबून येणारा शत्रू दिसावा म्हणून त्याला चारी बाजू मोकळ्या लागतात. म्हणजे चांगलं करायला जाऊन त्याचीच अडचण. (त्यात कालवे, ऊस, विजेच्या तारा, हे वेगळंच.) घरात पण आपण हेच करतो, समोरच्याला काय हवंय ते न विचारता मदत करत सुटतो. मला तरी तिथं हेच सुचत होतं.

एक गंमत करून बघा. सॉक्समध्ये कुसळं घुसतातच, त्यातलं एक तळहातावर घेऊन बाटलीतलं थेंबभर पाणी टाका. पीळ बसलेली शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरायला लागते. वाळली की परत पीळ. असं फिरत फिरत बी स्वतःच मातीत घुसतं, ना बैल ना पाभर.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि उजाडता उजाडता पोचा, दहानंतर सगळं सावलीला जातं. वनखात्याची परवानगी आधी विचारून घ्या, आयत्या वेळी वाद घालण्यात सकाळ जाते. भडक कपडे नकोत, बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, दुर्बीण असेल तर उत्तमच. काळवीटांच्या मागं गाडी घालू नका, एका जागी गप बसा, तेच चरत चरत जवळ येतात. पाणी आणि खायचं बरोबर ठेवा, आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर परतताना हुरडा कुठं मिळतोय ते बघा, ज्वारीचाच मुलूख आहे, त्यामुळं दुपारचं जेवण बुक करून ठेवू नका.