सुट्ट्यांच्या दिवसांत नोकरीचा शोध

"डिसेंबरअखेर कोण घेतंय मुलाखती? आता जानेवारीतच बघ," असं सगळे सांगत होते. तरी आज नेटाने बसले आणि दिवस सत्कारणी लागला.

मेलना बहुतेक 'रजेवर आहे' अशीच आपोआप उत्तरं आली. पण त्यातच लिहिलेलं असतं, माणूस कधी परतणार आणि तोवर कोणाशी बोलायचं. त्या तारखा टिपून ठेवल्या, पाठपुरावा तेव्हाच करायचा. एका उत्तरातल्या दुसऱ्या नावाला लिहिलं, तर तासाभरात फोन! ऑफिसात शांतता होती, त्यामुळे बाई निवांत बोलल्या. नव्या वर्षाचं बजेट मंजूर झालंय, जागा निघणार आहे, रेझ्युमे आत्ताच पाठवा म्हणाल्या. इतकं मोकळेपणाने बोलणारं माणूस भेटलं की किती हुरूप येतो!

मग रेझ्युमे हातात घेतला. 'अहवालांची जबाबदारी सांभाळली' हे खोडून 'महिनाअखेरचा अहवाल चार दिवसांऐवजी दोन दिवसांत पूर्ण' असं लिहिलं. काम तेच, पण आता ते दिसतं.

जुन्या सहकाऱ्यांना नववर्षाच्या शुभेच्छा पाठवताना नोकरी शोधतेय हेही सांगून टाकलं. तुमच्याकडे अकाउंट्समध्ये जागा असेल, तर प्लीज इनबॉक्स करा.