पायलटमध्ये किती पेशंट घेऊ?

बडोद्यात थिसिसचा विषय पक्का झाला की रेसिडेंट मुलं, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर, हा प्रश्न घेऊन येतात, आणि पुष्कळदा त्यांचे गाईडही: "मोठी ट्रायल करायची आहे. त्याआधी पायलटला किती पेशंट घ्यायचे? तीस चालतील ना?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. ट्रायल म्हणजे पेशंटचे गट करून उपचार तपासणारी चाचणी, आणि पायलट म्हणजे तिची आधी घेतलेली छोटी रंगीत तालीम.

तीस चालतीलही. पण त्या तिसांकडून तुम्हाला काय कळून घ्यायचंय, ते आधी कागदावर लिहा. उपचाराचा गुण येतो का, हे पायलट सांगू शकत नाही. ही ट्रायल आपल्या ओपीडीत, आपल्या माणसांच्या हातून पार पडेल का, एवढंच ती सांगते. तेवढं नीट कळलं तरी पुष्कळ आहे.

समजा, गुडघेदुखीच्या निम्म्या पेशंटना घरी करायचे व्यायाम शिकवायचे, उरलेल्यांना नेहमीचे उपचार, आणि १२ आठवड्यांनी ० ते १०० च्या पट्टीवर दुखणं मोजायचं. पट्टीवर १० चा फरक पेशंटच्या दृष्टीने मोलाचा धरू. आकड्यांचं प्रमाण विचलन (ते सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) २० असेल तर ८० टक्के पॉवरसाठी, म्हणजे तेवढा फरक खरंच असला तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के राहावी म्हणून, मोठ्या ट्रायलला दर गटात सुमारे ६३ पेशंट लागतात. आता हे २० तुमच्या तीस जणांच्या पायलटमधून आलं असेल, तर खरं विचलन १६ ते २७ मध्ये कुठेही असू शकतं. म्हणजे दर गटात ४० लागतील की ११५, हेच ठरत नाही. संख्याशास्त्रज्ञ स्टीव्हन ज्युलियस यांनी २००५ मध्ये सुचवलेला 'दर गटात १२' हा आकडा सगळे सांगतात, पण तो अशा पट्टीवरच्या सलग मोजमापाची सरासरी आणि विचलन यांच्या अंदाजापुरता आहे. संमती किती जण देतील, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणि पायलटमध्ये दिसलेला फरक उचलून त्यावर मोठ्या ट्रायलचा आकडा कधीही काढू नका. सगळ्यात जास्त घात इथेच होतो. लहान गटात फरक नशिबाने मोठा दिसला, तर मोठी ट्रायल अपुऱ्या पेशंटवर उभी राहते. फरक किती हवा, हे पेशंट आणि डॉक्टर यांच्या गरजेवरून ठरवा.

संमतीचं गणित वेगळं. ४० जणांना विचारलं, २४ हो म्हणाले, म्हणजे ६० टक्के. पण एवढ्याशा संख्येवर खरं प्रमाण ४५ ते ७५ च्या दरम्यान कुठेही असू शकतं, आणि त्यावर भरती वर्षात संपेल की दीड वर्ष घेईल हे ठरतं. हाच अंदाज ६० च्या अलीकडे-पलीकडे दहा टक्क्यांत आणायचा तर सुमारे ९२ जणांना विचारावं लागतं. अडचणींचंही तसंच. शंभरात पाच जणांना येणारी अडचण तीस जणांत एकदाही न दिसण्याची शक्यता पाचात एक आहे. ती एकदा तरी दिसेल याची ९५ टक्के खात्री हवी तर ५९ पेशंट लागतात. म्हणून आकडा प्रश्नावरून निघतो, आणि प्रश्न अनेक असतील तर सगळ्यात मोठा आकडा धरायचा.

यासाठी लागतं एक साधं आखलेलं रजिस्टर. तारीख, ओपीडीत आलेले, निकषात (ट्रायलमध्ये घेण्याच्या अटींत) बसलेले, ज्यांना विचारलं ते, हो म्हणालेले, आणि शेवटचा रुंद रकाना: नाही का म्हणाले, त्यांच्याच शब्दांत. चूक ठरलेली असते. रेसिडेंट गर्दीच्या वेळी ज्यांचा चेहरा 'हो म्हणेल' असा वाटतो, त्यांनाच विचारतो आणि बाकीच्यांची नोंदच होत नाही. मग संमती ९० टक्के दिसते आणि मोठ्या ट्रायलमध्ये भरती कोसळते. नोंद न विचारलेल्यांचीही हवी. शंभरात ५५ जण निकषात बसले नाहीत आणि त्यातले ३१ 'गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात इंजेक्शन' या एकाच अटीने गळले असतील, तर ती अट खरंच लागते का ते बघा.

कॅलेंडरही तपासायचं. जुलैच्या मध्यात घेतलेल्या पेशंटचे १२ आठवडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरतात, आणि ते दिवस बहुधा नवरात्रीचे. बडोद्यात नऊ रात्री गरबा. पेशंट सकाळच्या ओपीडीला येत नाही, आणि आला तर मोजला जातो तो रात्रभर गरबा खेळून आलेला गुडघा. फॉलो-अपची मुदत तीन दिवस मागेपुढे ठेवली असेल तर ती दहा दिवस करा, नाहीतर त्या आठवड्यांत पडणाऱ्या भेटी आधीच हेरून भरतीच्या तारखा हलवा. दिवाळी आणि १४-१५ जानेवारीची उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) यांचंही तेच.

प्रश्नावलीत पेशंटकडे न बघता कागदाकडे बघा. २४ पैकी ७ जणांनी एकच प्रश्न रिकामा सोडला असेल, तर दोष प्रश्नाचा. संमतीपत्र गुजराती, हिंदी आणि मराठीत असतंच, पण छोटा उदेपूरकडून आलेल्या आजींशी घरात राठवी ही आदिवासी बोली बोलली जाते. त्यांना पट्टी तोंडी कशी समजावायची, ते शब्दसुद्धा आधी ठरवून लिहून ठेवावे लागतात. नाहीतर प्रत्येक रेसिडेंट आपापल्या परीने समजावतो, आणि विचलन वाढतं ते त्यामुळेच.

पुढे जायचं की नाही, याच्या रेघा पहिला पेशंट घेण्याआधी आखा. उदाहरणार्थ, १२ आठवड्यांनी ८० टक्के परत आले तर हिरवा, ६५ ते ८० मध्ये पिवळा, म्हणजे काय दुरुस्त करणार ते लिहून मगच पुढे, आणि ६५ च्या खाली लाल. आकडे हाती आल्यावर रेघ आखली तर ती नेहमी आपल्या निकालाच्या खालूनच जाते.

पायलटलाही एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि सीटीआरआयमध्ये, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी पहिल्या पेशंटआधी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी घेत नाहीत. पायलटचे पेशंट मुख्य ट्रायलमध्ये धरायचे असतील तर तेही प्रोटोकॉलमध्ये (ट्रायलच्या लेखी आराखड्यात) आधीच लिहा. अहवाल लिहिताना पायलटसाठीची २०१६ ची कॉन्सॉर्ट यादी (अहवालात काय काय द्यायचं त्याची यादी) समोर ठेवा आणि पी व्हॅल्यूचा, म्हणजे खरा फरक नसताना एवढा फरक नशिबाने दिसण्याच्या शक्यतेचा, तक्ता गाळा. त्याच्या जागी ते रजिस्टर येऊ द्या: किती आले, किती गळले, कुणी काय कारण दिलं. निकाल लाल आला तरी छापा. पुढच्या वर्षी हाच विषय घेणाऱ्या रेसिडेंटला तोच रुंद रकाना सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.