लॅम्डा आणि तूरडाळ

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज लॅम्डा कळला, म्हणजे अर्थशास्त्राच्या गणितातलं λ हे ग्रीक अक्षर. तीन आठवडे वहीत नुसता लिहीत होते.

अकरावी कॉमर्सला गणित आणि एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) यांतून मी एसपी घेतलं. ‘मुलींना अकाउंट्स आलं की झालं,’ असं वर्गात सांगितलं गेलं आणि मी मुकाट ऐकलं. त्याचं वाईट आजही वाटतं. आता नोकरी सांभाळून एम. ए. अर्थशास्त्र करतेय, तर अवकलनापासून (डिफरन्सिएशन) सगळी सुरुवात. सम-सीमान्त उपयोगितेचा नियम बी. कॉम.ला पाठ होता: प्रत्येक वस्तूवरच्या शेवटच्या रुपयाचं समाधान सारखं हवं. का सारखं, हे कधी विचारलंच नाही.

सकाळी ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून कांदे ४० आणि तूरडाळ १६० रुपये किलोने आणली. दुपारी तेच भाव वहीत घेतले. महिन्याला ६४० रुपये, आणि समाधान म्हणजे कांद्याचे किलो गुणिले डाळीचे किलो. (खरं समाधान असं मोजता येत नाही, पण रीत शिकायला हे सूत्र सोपं.) गणितज्ञ लॅग्रांजच्या रीतीत खर्चाची अट लॅम्डाने गुणून समाधानाच्या त्याच सूत्रात बसवायची, मग एकेका चलानुसार आंशिक अवकलन करून (बाकीचे चल स्थिर धरून) ते शून्याबरोबर मांडायचं. कांदे ८ किलो, डाळ २ किलो, समाधान १६. कांद्याचा एक किलो वाढला की समाधान डाळीच्या किलोंइतकं वाढतं, आणि उलटही तसंच; त्याला भावाने भागायचं. म्हणून लॅम्डा कांद्याकडून काढला तर २ भागिले ४०, डाळीकडून ८ भागिले १६०. दोन्हीकडून ०.०५.

इथवर रोजच पोचत होते. आज ६४० च्या जागी ६४१ घातले आणि सगळं पुन्हा सोडवलं. समाधान आलं १६.०५. म्हणजे एका जादा रुपयाची किंमतच लॅम्डा! पेन तसंच हातात धरून कितीतरी वेळ बसले.

संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना आईला विचारलं, "महिन्याच्या पैशांत एकच रुपया जास्त आला असता, तर कशात घातला असतास?"

"कशातही घाल गं, सारखंच. कुठे जास्त नड असती तर आधीच तिकडे वळवला नसता का?"

माझ्या ‘का’चं उत्तर तिने चालता चालता देऊन टाकलं.

अर्थशास्त्रज्ञ मार्शलने १९०६ साली संख्याशास्त्रज्ञ बाउलींना पत्रातून सल्ला दिला होता: गणित लघुलिपीसारखं वापरा, साध्या भाषेत आणा, जगण्यातली उदाहरणं द्या आणि मग गणित जाळून टाका. मला हे पटत नाही. तो स्वतः केंब्रिजला गणित शिकलेला, त्याला जाळणं परवडत होतं. आईचं हेच बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण ते उमगलं आज, समीकरण सुटल्यावर. माझी वही मी जपून ठेवणार.

पुढचा धडा कुन आणि टकर या गणितज्ञांच्या रीतीचा, १९५१ च्या. तिथे सगळे पैसे संपवलेच पाहिजेत अशी अट नाही. पैसे उरले तर लॅम्डा शून्य.

आमच्या घरी महिनाअखेर पैसे उरल्याचं मला आठवत नाही.